ऑयगेन केखेलेच्या अंगणातलं तण

न वाकण्याची शपथ मोडून ऑयगेन केखेले गुरुवारी सकाळी स्वतःच्या अंगणात गुडघे टेकून बसला, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

शपथ जुनी होती. ऑयगेन धंद्याने फरसबंदी करणारा. ओबरहासलिंगन गावात चर्चपुढचा चौक त्याने बसवला, शाळेचं पटांगण त्याने बसवलं, दवाखान्यासमोरची उतरणही त्यानेच. बेचाळीस वर्षं हा माणूस पोटासाठी गावभर गुडघ्यांवर रांगला. तेव्हा त्याने लग्नाआधीच बायकोला बजावून ठेवलं होतं, की घरी आलो की मी वाकणार नाही. बुटाची नाडी सुटली तरी नाही. (नाडी तो पायरीवर पाय ठेवून बांधायचा. पायरी त्यासाठीच उंच केली होती.)

मग त्याच्या अंगणातल्या दगडांच्या फटींतलं तण पन्नास वर्षं कोणी काढलं? हेडविगने. दर शनिवारी दुपारी चारला ती वाकड्या टोकाची सुरी, एक जुनी उशी आणि पत्र्याची बादली घेऊन फाटकापासून सुरुवात करायची, आणि गॅरेजच्या दारापर्यंत सरकत यायची. तेव्हा ती एकटी नसायची म्हणा. त्या काळी शनिवारी चारला अख्खी लोहारगल्ली रस्त्यावर यायची. बायका फटी खरवडायच्या, पोरं झाडू मारायची, पुरुष गाड्या धुवायचे आणि गाडीच्या रेडिओवर फुटबॉल ऐकायचे. गोल झाला की साबणाचे हात वर. घराघरांतून आंबवलेल्या केकचा वास येत असायचा, आणि बायका खाली मान घालून सुरी चालवता चालवता गावातल्या प्रत्येकाची अशी काही चंपी करायच्या की तण लाजून आपणच उपटून यावं.

आता कुठलं काय. आता निम्म्या गल्लीने अंगणात खडी ओतली आहे. उरलेल्यांकडे पानं उडवायचं यंत्र आहे. ते माझी पानं तुझ्याकडे उडवतं, तुझं यंत्र ती माझ्याकडे. याला म्हणे सुधारणा म्हणायचं. गेली कित्येक वर्षं शनिवारी चारला लोहारगल्लीत एकच सुरी वाजत होती, ती हेडविगची.

आणि तीन आठवड्यांपासून तीही बंद होती. हेडविगचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी तिला व्यायामासाठी दूर डोंगरातल्या आरोग्यभवनात पाठवून दिलं. ती शनिवारी दुपारी तीनला परत येणार होती, आणि रविवारी दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. पन्नास वर्षं झाली की गावाच्या महापौरबाई घरी येतात, सही-शिक्क्याचं अभिनंदनपत्र देतात, आणि गावाचा बॅंड अंगणात उभा राहून तीन गाणी वाजवतो. ते अंगणातच व्हायचं. घरात बावीस वादक मावत नाहीत, आणि मावले तर काचा राहत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी हेडविगचा फोन आला.

"अंगण कसं आहे?"

"आहे तिथेच आहे," ऑयगेन म्हणाला.

"ऑयगेन, मी मस्करी करत नाही. फटी कशा आहेत?"

ऑयगेनने खिडकीतून बघितलं. जून महिना, त्यात पाऊस झालेला. पिवळ्या फुलांचं ते डांबरट तण चांगलं वीतभर उठलं होतं. घोळ पसरली होती. गॅरेजपाशी तर एका ओळीत दगड दिसतच नव्हते, ससा सोडला असता तर जाड झाला असता.

"स्वच्छ आहेत," तो म्हणाला.

"खरं?"

"आरसा."

मग हेडविग म्हणाली, "हे बघ. पन्नास वर्षं मी त्या दगडांकडे एक हात अंतरावरून बघितलंय. रविवारी मला उभं राहून बघायचंय. ताठ. सगळ्यांसारखं. तण असेल ना, तर मी फक्त तणच बघत बसणार, मला माझा स्वभाव माहीत आहे. मग नकोच तो बॅंड. मी महापौरबाईंना इथूनच कळवते की येऊ नका."

"कळवू नकोस," ऑयगेन म्हणाला. "मी सांगतोय ना, आरसा आहे."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आजवर बायकोने आपल्याकडे मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिली घर, ते बांधलं. दुसरी म्हणजे घोरू नकोस, ती जमली नाही.

तर गुरुवारी सकाळी तो गुडघे टेकून बसला. हेडविगची सुरी, हेडविगची उशी, हेडविगची बादली. पहिल्या पाच फटी झपाझप झाल्या. सहाव्या फटीत एक काचेची गोटी निघाली, निळी. सातवीत मेणाचा थेंब, धाकट्या मुलीच्या कुठल्याशा वाढदिवसाचा. मग तो दगड आला ज्याचा एक कोपरा उडालेला होता. तो ऑटोने बसवला होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या आधी, ऑयगेन आणि त्याचा जोडीदार ऑटो या दोघांनी हे अंगण सहा संध्याकाळींत बसवलं होतं. हेडविग दगड आणून द्यायची, एकेक, दोन्ही हातांत धरून, जसा काही ताजा पाव. ऑटोने तिच्याकडे बघता बघता हातोडी दगडावर आपटली आणि कोपरा उडवला. "राहू दे, त्याला माझी आठवण समज," ऑटो म्हणाला होता. ऑटो जाऊन एकोणीस वर्षं झाली. हेडविगने दर शनिवारी हा दगड बघितला असणार. ऑयगेनने मात्र नाही. तो कधी खाली वाकलाच नव्हता.

असा अर्धा तास त्या कोपऱ्यावर गेला. मग त्याने उठायचं ठरवलं, आणि गुडघ्यांनी नकार दिला. उजवा म्हणे आधी तू, डावा म्हणे छे, आधी तू. शेवटी ऑयगेन चारी पायांवर कचऱ्याच्या डब्यापर्यंत रांगत गेला आणि डब्याला मिठी मारून उभा राहिला. त्याच वेळी मोरपंखीच्या कुंपणापलीकडून आवाज आला.

"केखेले, तो डबा रद्दी कागदाचा आहे. मिठी मारायची तर तपकिरी डब्याला मारा, पालापाचोळा त्यात जातो."

या फ्राउ ट्रॉस्टेल, म्हणजे ट्रॉस्टेलबाई. शेजारीण. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेलं, आणि निवृत्तीनंतर सगळी गल्ली वर्गात बसवलेली. दोन्ही घरांमधलं मोरपंखीचं कुंपण त्यांचं. शहाऐंशी साली त्यांनी ते कायद्यात सांगितलेल्या अंतरावर लावलं, आणि दोरी धरून कातरत कातरत एवढं वाढवलं की तेव्हापासून त्या कोणाला दिसत नव्हत्या, फक्त ऐकू यायच्या.

शुक्रवारी ऑयगेनने युक्ती केली. स्वयंपाकघरातलं सगळं व्हिनेगर बादलीत ओतलं, त्यात मीठ कालवलं आणि झारीने फटींत सोडायला लागला. तिसरी फट होते न होते तोच कुंपण बोललं.

"कोशिंबीर करताय का, केखेले?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. फरशीवर मीठ-व्हिनेगर टाकायला कायद्याने बंदी आहे. ते जमिनीत उतरतं. शेजाऱ्याच्या मुळांपर्यंत जातं. माझ्या."

"तुमच्या मुळांना आंबट आवडत नाही वाटतं. तोंडावरून तर तसं वाटत नाही."

"तोंड तुम्हाला दिसतं कुठे?" असं म्हणून खिडकी धाडकन बंद झाली.

शनिवारी सकाळी तण होतं तसंच होतं. उलट मीठ खाऊन तरतरीत झाल्यासारखं दिसत होतं. मग ऑयगेन एर्विनकडे गेला. एर्विन शाळेपासूनचा मित्र. बॅंडमध्ये ट्यूबा वाजवतो, म्हणजे तो हंड्याएवढा पितळी भोंगा, आणि गावच्या हौशी आगदलाचा, म्हणजे आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा, प्रमुख होता, आता नुसता मानाचा आहे. एर्विनकडे तण जाळायची गॅसची नळी होती. एक लांब दांडा, टोकाला ज्वाला, पाठीवर गॅसची टाकी.

"हे बघ," एर्विन म्हणाला, "तणावर फक्त फिरवायची. जाळायचं नाही, नुसता चटका द्यायचा. चहाची किटली जशी बोटाला चटका देते तसा. आणि मोरपंखीच्या जवळ न्यायची नाही. बाहेरून हिरवी दिसते, आत सगळा वाळलेला काडीकचरा. दरवर्षी आम्ही अशी चार कुंपणं विझवतो."

"मी काय मूर्ख आहे?"

"ते चारही हेच म्हणाले होते," एर्विन म्हणाला आणि नळी दिली.

ऑयगेन दीड वाजता कामाला लागला. तीनला हेडविग येणार, म्हणजे दीड तास. आणि खरं सांगायचं तर काम झकास चाललं. फर्रर्र असा आवाज, आणि तण मान टाकायचं. न वाकता! ताठ उभं राहून! ऑयगेनला वाटलं, हे यंत्र चौऱ्याहत्तर साली असतं तर हेडविगचा गुडघा आजही शाबूत असता. या विचाराने त्याला जरा वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस नीट बघत नाही. तो गॅरेजपासून फाटकाकडे मागे मागे सरकत होता. डाव्या हाताला मोरपंखी होती. ज्वाला नेमकी कधी तिकडे वळली हे त्याला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात फ्राउ ट्रॉस्टेल स्वतः बाहेर आल्या. कुंपणाला वळसा घालून, फाटकातून, हातात घड्याळ धरून. त्यांना पुरतं बघून ऑयगेनला वर्षं झाली होती. बाई बारीक झाल्या होत्या.

"किती वाजले?" त्या म्हणाल्या.

"घड्याळ तुमच्या हातात आहे."

"एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं. एक ते तीन आवाज करायचा नाही. हा नियम गल्लीत राहायला आल्या दिवशी सही करून—"

"फ्राउ ट्रॉस्टेल, तुमचं कुंपण."

"विषय बदलू नका. नियम म्हणजे नियम. मी तीन आठवडे गप्प बसले—"

"अहो, कुंपण!"

"कुंपण अगदी कायद्यातल्या अंतरावर आहे! मोजून घ्या! शहाऐंशी साली तुम्ही स्वतः टेप धरला होता!"

"कुंपण पेटलंय!"

बाई वळल्या. पाठीमागे मोरपंखी फटाक्यांच्या माळेसारखी तडतडत होती. त्यांनी एकदा कुंपणाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाल्या, "आगदलाला बोलवायला हवं. पण आगीचा भोंगा वाजेल. तीन वाजायचेत."

ऑयगेनने भोंगा वाजवायला लावला.

नगरभवनाच्या छपरावरचा तो भोंगा वाजला तशी सगळी गल्ली बाहेर आली. इतकी माणसं एकदम रस्त्यावर ऑयगेनने कित्येक शनिवारांत बघितली नव्हती. सहा मिनिटांत गाडी आली. आगदल हौशी, म्हणजे बेकरीवाला, न्हावी आणि बॅंडमधली निम्मी मंडळी, आणि पुढे शिरस्त्राण घालून एर्विन. त्याने काहीच विचारलं नाही, फक्त ऑयगेनकडे बघून पाच बोटं वर केली.

"हे पाचवं," तो म्हणाला.

आग दहा मिनिटांत विझली. तीन मीटर कुंपण गेलं. काळे सांगाडे उरले, आणि त्यांच्यामधून फ्राउ ट्रॉस्टेलचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. टेबल, एक कप, एक खुर्ची.

ऑयगेनचं लक्ष मात्र अंगणावर होतं. अर्धं तण जळलेलं, अर्धं उभं, वर काळी राख, त्यावर बुटांचा चिखल. दोन वाजून वीस मिनिटं. तो एर्विनला बाजूला घेऊन म्हणाला, "टाकीत पाणी उरलंय का रे?"

"ऑयगेन, ही आगीची गाडी आहे. धोबीघाट नाही."

"हेडविग तीनला येते. मी तिला आरसा म्हणून सांगितलंय."

एर्विनने फाटकापासून गॅरेजपर्यंत नजर फिरवली. हेडविगच्या लग्नात तो नाचला होता. "राख धुणं आमचं कामच आहे," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धोका नको. सोडा रे पाणी, पूर्ण जोरात!"

पाणी सुटलं. काय सांगावं! तण मुळासकट उडालं. शेवाळ उडालं. पन्नास वर्षांची माती फटींतून कारंज्यासारखी वर आली आणि फाटकाबाहेर वाहून गेली, तिच्यामागून वाळू गेली. खाली दगड चमकायला लागले, करडे, निळसर, ओले, अगदी त्या उन्हाळ्यात ठेवले तसे. ऑटोच्या दगडाचा उडालेला कोपरासुद्धा लखलखत होता. ऑयगेनने बाहीने डोळे पुसले. (धूर असेल.)

"वाळू पण गेली रे," एर्विन म्हणाला. "फटी मोकळ्या पडल्या. दगड हलतील."

"माझे दगड?" ऑयगेन म्हणाला. "एर्विन, वाळू लागते शिकाऊ माणसाला. माझे दगड माझ्या हातावर बसलेत. याच्यावरून रणगाडा ने."

गाडी गेली, गर्दी पांगली. फ्राउ ट्रॉस्टेल तेवढ्या राहिल्या. कुंपणाच्या भगदाडात उभ्या.

"भरपाई देईन मी. नवी रोपं लावून देईन," ऑयगेन म्हणाला.

"बघू," त्या म्हणाल्या. मग खाली दगडांकडे बघून, एरवी त्यांचा नसतो अशा आवाजात म्हणाल्या, "ती शनिवारी चारला खरवडायला लागली की मी कॉफीचं पाणी ठेवायची. सुरीचा आवाज गॅरेजपाशी आला की कॉफी तयार. मी इकडे प्यायची. तीन आठवडे माझी कॉफी कधी लवकर होते, कधी उशिरा." आणि लगेच, "हे तिला सांगायचं नाही."

"तुम्हीच सांगा. आता मध्ये काही नाही."

बरोबर तीनला टॅक्सी आली. हेडविग दोन कुबड्यांवर उतरली, फाटकात आली आणि थांबली. ऑयगेन पायरीजवळ उभा होता, ताठ, भुवया जरा जळलेल्या.

तिने भगदाड बघितलं. भगदाडात उभ्या फ्राउ ट्रॉस्टेल बघितल्या. मग खाली बघितलं आणि बघतच राहिली. फाटकापासून गॅरेजपर्यंत एकेक दगड, नजरेनेच खरवडल्यासारखा.

"कोणी केलं?" ती म्हणाली.

"मी."

"वाकलास?"

"गुरुवारी. कचऱ्याच्या डब्याला विचार."

"मी साक्षीदार आहे," फ्राउ ट्रॉस्टेल म्हणाल्या.

हेडविगच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, हात कुबड्यांत होते. "ऑटो इथे बसायचा," ती म्हणाली. "आणि तू तिथे. आणि मी म्हणायची, या दोघांतला कोणता घ्यावा." मग तिने नाक वर केलं. "जळल्याचा वास कसला?"

"केक करायला ठेवला होता," ऑयगेन म्हणाला.

"तुला केक करता येतो?"

"नाही ना. म्हणून तर."

त्या दिवशी चारला फ्राउ ट्रॉस्टेल तीन कप कॉफी घेऊन भगदाडातून आल्या. त्या सातला गेल्या. एवढा वेळ दोघी काय बोलत होत्या देव जाणे, पण लोहारगल्लीत कोणाचीही धडगत राहिली नसणार. ऑयगेनला सगळं ओळखीचं वाटत होतं, फक्त फुटबॉलचा रेडिओ नव्हता.

रविवारी साडेअकराला चर्च सुटलं आणि बॅंड आला. बावीस जण, मोठा ढोल धरून. महापौरबाई उंच टाचांचे बूट घालून, हातात लाल पुठ्ठ्यातलं अभिनंदनपत्र. हेडविग अंगणाच्या मधोमध उभी, निळा पोशाख, कुबड्या बाजूला ठेवलेल्या, ऑयगेनच्या दंडाला धरून. गल्ली फाटकाशी गोळा झालेली. एर्विनने ट्यूबा अंगाभोवती चढवला, गाल फुगवले, आणि पहिलं संचलनगीत सुरू झालं.

बॅंडवाले जागच्या जागी पाय आपटून ताल धरतात. बावीस माणसं, चव्वेचाळीस बूट. तिसऱ्या आपटीला एक दगड 'टक' म्हणाला. पाचव्या आपटीला दुसरा. मग सगळं अंगण बोलायला लागलं, टक, टक, टक, म्हाताऱ्याच्या कवळीसारखं. ढोलवाला उजवीकडे कलला. बासरीवाल्या दोन पोरी एकमेकींना धरून राहिल्या. न्हाव्याच्या पायाखालचा दगड एका बाजूने वर आला तशी त्याची तुतारी स्वर सोडून आभाळात गेली. ऑयगेन हसरा चेहरा ठेवून पायाने एक दगड दाबून धरत होता. तो दाबला की शेजारचा वर यायचा.

गाणं कसंबसं संपलं. महापौरबाई पुढे आल्या, दोन पावलं नीट आल्या, आणि तिसऱ्याला त्यांची टाच फटीत गेली. बूट तिथेच राहिला, बाई पुढे आल्या. पण शेवटी त्या महापौर. एका पायावर उभं राहून, करकोच्यासारखं, त्यांनी अभिनंदनपत्र वाचायला घेतलं.

"आपल्या गावाला ज्यांच्या हातांनी पक्का पाया दिला," त्या वाचत होत्या, आणि डुलत होत्या, "ते फरसबंदीचे कसबी कारागीर ऑयगेन केखेले..."

गल्लीत कोणीतरी खोकलं. बाईंनी अभिनंदनपत्र हेडविगच्या हातात दिलं आणि विचारलं, पन्नास वर्षांबद्दल दोन शब्द बोलणार का. हेडविगने आधी पत्राकडे बघितलं. मग डुलणाऱ्या बॅंडकडे, फटीत अडकलेल्या बुटाकडे, आणि शेवटी शेजारी उभ्या नवऱ्याकडे.

"दोनच शब्द," ती म्हणाली. "पन्नास वर्षं मी ते गवत उपटत होते, आणि हे दगड याने बसवलेत म्हणून गावभर मिरवत होते. आज कळलं, दगड धरून कोणी ठेवले होते ते."

ऑयगेन तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, पण एर्विन पुढच्या गाण्यासाठी ट्यूबा तोंडाला लावून तयार उभा होता, आणि त्याला हसू आवरलं नाही. ते हसू त्या पितळी भोंग्यातून बाहेर पडलं, आणि थेट चर्चपुढच्या चौकापर्यंत ऐकू गेलं.